एका पानात एकोणतीस पाखरं

३ मार्च

जमलं! अख्खं पाखरू, चोचीसकट, रबराच्या झाडाच्या पानात कोरलं! वाचनालयात पुस्तकं बांधायच्या टेबलावर, जेवणाच्या सुट्टीत. चौदा पानं वाया गेली तेव्हा कुठे हे एक. उजेडासमोर धरलं की पाखरातून खिडकी दिसते. फिरत्या खुर्चीत बसून एक गिरकी घेतली. बावन्नाव्या वर्षी!

४ मार्च

ताईला दाखवलं. चष्मा कपाळावर सरकवून बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, दवाखान्यातल्या कंपाउंडरांकडून तुझ्यासाठी मागून आणलेली कापायची पाती इतके दिवस कुठे गडप होतात ते आज कळलं. म्हणजे आवडलं!

९ मार्च

फ्रिजमधलं ओलं फडकं ताईने उघडलं. भाजी असेल म्हणून. पाच पानं चिरून झाल्यावर तिला शंका आली! दोघी हसून हसून ओट्याला टेकलो.

१७ मार्च

एका पानात एकोणतीस पाखरं कोरायचं मनात होतं. आधी मधली, बारीक बारीक. कडेची शेवटी. शिरांना हात लावायचा नाही, सगळा थवा त्यांच्यावरच तर लटकलेला! अठ्ठावीस झाली आणि — शिंकले! एक शीर तुटली, तीन पाखरं खाली. रडले. मग शिंकेचंच हसू आलं. ग्रंथपालबाई काय झालं म्हणून बघायला आल्या. उरलेल्या पानाचा फोटो काढून त्यांनी कुणाला तरी पाठवला.

१८ मार्च

नवं पान.

२६ मार्च

एकोणतीस! एकूण एक! ग्रंथपालबाईंनी याचाही फोटो नेला.

२ एप्रिल

पत्र आलं! समुद्राकाठच्या शहरातल्या एका कार्यशाळेचं. तिथे पानं कोरणारी अकरा माणसं आहेत म्हणे — माझ्यासारखी खुळी अजून अकरा! वर्षभर या, खोली देतो, शिका आणि शिकवा. जिन्यातच वाचलं. दोन-दोन पायऱ्या उड्या मारत वर आले, आणि दारातूनच ताई दिसली. गुडघा शेकत बसली होती.

आई गेल्यापासून या दोन खोल्यांत आम्ही दोघीच. तिच्या डोळ्यांत थेंब कोण घालणार?

पत्र खिशात घातलं. 

३ एप्रिल

नकार लिहिला. टाकायचं धाडस होत नाही.

५ एप्रिल

कपडे धुताना ताईला खिशात दोन्ही पत्रं सापडली. समोर बसून दोन्ही वाचली. चहा निवला.

"माझ्यासाठी राहतेस?"

"मग काय."

"मला विचारलंस?"

तिने नकाराचे चार तुकडे केले. आणि मग हसायलाच लागली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. काय झालं म्हणून विचारलं तर नुसता हात हलवला. उद्या सांगते म्हणाली.

६ एप्रिल

सकाळी होकार टाकला. पोस्टातून वाचनालयापर्यंत चक्क गुणगुणत गेले!

संध्याकाळी ताईने सांगितलं. दवाखान्यातल्या कंपाउंडरांनी नऊ वर्षांपूर्वी तिला लग्नाचं विचारलं होतं. धाकटीला एकटं टाकून कशी येऊ, म्हणून ती नाही म्हणाली होती. आज दुपारी त्यांच्या औषधांच्या खिडकीशी जाऊन हो म्हणून आली.