जमिनीवरचा सराव

पनवेल,
रविवार, २५ जानेवारी २०२६

चि. इलाना हिस,
शालोम व अनेक आशीर्वाद.

इकडे सर्व ठीक. माझा गुडघा कुरकुरतो, पण ऐकतो.

जगन घरत नावाच्या गृहस्थांनी मला अट घातली आहे, म्हणून हे पत्र. फोनवर जमलं नसतं. तू विषय बदलला असतास आणि मी बदलू दिला असता.

जगनची सोळा वर्षांची मुलगी माझ्याकडे ज्यूडो शिकते, पूर्वी तिचं नाव. उरण रस्त्यावरचं घर, आजोबांचं मिठागर होतं, आता यांचे डंपर चालतात. डिसेंबरात एका संध्याकाळी जगन तिला न्यायला लवकर आला. आत जमिनीवरचा सराव चालू होता. पूर्वी पाठीवर, वर्गातला अथर्व तिच्यावर आडवा, आणि ती सुटायची धडपड करते आहे. मुलगी चांगली लालबुंद झालेली.

"बाई, माजी पोर खाली नि पोरगा वर! लोक काय बोलतील? उबं राहून काय फेकाफेकी करायची ती करा. खाली नाय."

मी म्हटलं, "निम्मे सामने खालीच संपतात. आणि तिने दोनदा थोपटलं की त्याने त्या क्षणी सोडायचं, हा नियम आहे. मुलगा असो, मुलगी असो."

"मग तुमच्या पोरीला पोरांसंगं खाली का नाय ठेवली? माजी भैन जनी तवा तुमच्या क्लासला होती. मना सगला म्हायती हाय."

चाळीस वर्षांत माझ्याच वर्गात मी कोणाचं उत्तर उद्यावर ढकललं नव्हतं. मी "उद्या सांगते" म्हटलं. दुसऱ्या दिवशी त्याला खरं ते सांगितलं.

त्याने ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुमच्या पोरीला ह्ये म्हायती हाय?"

"नाही."

"वा बाई! मना सांगता नि तिला नाय? बरा. पूर्वी येल. पन तुमी पोरीला लिवायचा. कबूल?"

मी कबूल म्हटलं. सहा आठवडे लिहिलं नाही.

आधी पूर्वीची बातमी सांगते. अथर्व तिच्याहून पंधरा किलोंनी जड. सुरुवातीला तो तिला असा धरायचा, जशी काही काचेची बरणी. मी ओरडले, "तिच्यावर उपकार करतोस का? स्पर्धेत तिला कोण असं धरणार आहे? नीट धर." मग त्याने नीट धरलं. पहिले दोन आठवडे ती एकदाही सुटली नाही. तिसऱ्या आठवड्यात सुटली. महिन्याभराने अथर्वच माझ्याकडे तक्रार घेऊन आला, "मॅडम, ही फक्त चावत नाही, बाकी सगळं करते."

मागच्या रविवारी नाशिकला राज्य स्पर्धा झाली. अंतिम सामन्यात पूर्वी दुसऱ्या मिनिटाला खाली आली. समोरची मुलगी तिच्या छातीवर पक्की बसली. मी घड्याळाकडे पाहिलं नाही, पूर्वीच्या कमरेकडे पाहत होते. कंबर उचलली, खांदा आत घेतला, नवव्या सेकंदाला मोकळी! मग हिनेच तिला धरलं ते जिंकायला लागणारे वीस सेकंद पुरे होईपर्यंत. प्रेक्षकांत जगन बाकावर उभा राहून ओरडत होता, "दाब! दाब तिला, सोरू नको!" लोक काय बोलतील ते त्याला त्या वेळी ऐकूही आलं नसतं.

खाली उतरून पूर्वी मला म्हणाली, "मॅडम, अथर्वपेक्षा हलकी होती."

एवढा अभिमान मला बऱ्याच वर्षांत वाटला नव्हता. मी तिला फक्त "पाणी पी" म्हटलं. माझा स्वभाव तुला माहीत आहे.

पेढे वाटताना जगनने मला गाठलं. "लिवला का?" मी "अजून नाही" म्हटलं.

तर आता लिहिते. २००३ च्या उन्हाळ्यात प्रार्थनालयातून निघताना एका बाईने मला बाजूला घेतलं. "हदासा, इलानाचं लग्न करायचंय ना?" एवढंच म्हणाली. मी स्वतः सोळा मुलांत एकटी शिकले होते, कोणाला जुमानलं नव्हतं. त्या दिवशी मात्र जुमानलं. संध्याकाळी वर्गात सांगितलं की मुलामुलींचा जमिनीवरचा सराव वेगळा होईल, कारण चटया कमी आहेत. चटया कमी नव्हत्या.

तुम्ही तीनच मुली. तुला दाबून धरेल असं त्यात कोणी नव्हतं. पुढच्या वर्षी अंतिम सामन्यात तुला धरलं गेलं. तेव्हा पंचवीस सेकंद लागायचे. पंचविसाव्या सेकंदापर्यंत तू हलत होतीस, एकदाही थांबली नाहीस. मी मोजत होते. आणि सगळ्यांसमोर तुला म्हणाले, "जोर कमी पडला तुझा." त्यानंतर तू चटईवर पाय ठेवला नाहीस.

जोर कमी पडला नव्हता. मी तुला सुटायला शिकवलंच नव्हतं, आणि ते मला त्याच क्षणी कळलं होतं.

मागच्या वर्षी तुझी लेक केरेन ज्यूडो शिकायचं म्हणत होती. तेव्हा तू फोनवर हसत म्हणालीस, "नको ग आई, आपल्या घरात जोर नाही." तेव्हाही मी तुला खरं सांगितलं नाही. ते वाक्य माझं होतं, तू ते बावीस वर्षं सांभाळलंस. तिला शिकव किंवा नको शिकवू, तो तुझा प्रश्न. पण खोट्या कारणावरून ठरवू नकोस.

तुझ्यासारखी झुंज मी नंतर फार थोड्या मुलींत पाहिली. हे तेव्हाच सांगायला हवं होतं.

तुझी आई, आणि त्या सामन्यातली तुझी प्रशिक्षक,
हदासा

शमुएलमामाचा इझिकेल मंगळवारी तिकडे निघतो आहे. त्याच्या हाती दिलं: हे पत्र, आणि वर्गाच्या २००४ च्या नोंदवहीतलं तुझ्या सामन्याचं मूळ पान, एक. 'जोर कमी पडला' हा माझ्या अक्षरातला शेरा खोडला आहे. त्याखाली आज लिहिलं: 'प्रशिक्षकाने सराव बंद केला होता.' सही केली आहे, तारीख घातली आहे.