लाईबाचा पंप आणि कपाटाची चावी

प्रति,
मा. श्री. शैलेंद्र उपळेकर,
मानद सचिव, शाळा आरोग्य समिती,
मुक्काम अदलिया ऑफिस, मनामा (कारण चावी तिथेच असते)

विषय : इयत्ता तिसरीतील कु. लाईबा बासित पारकर हिला दम्याचा पंप स्वतःच्या खिशात ठेवू देण्याबाबत.

संदर्भ : आमचे दोन इंग्रजी अर्ज व आपले एक उत्तर.

महोदय,

मागील अर्ज लाईबाच्या अब्बांनी ऑफिसातल्या टायपिस्टकडून करून घेतले होते. ते फारच गोड होते. हा मी स्वतः लिहीत आहे. माझे शिक्षण दापोलीस मराठी शाळेत झाले आणि आपण चिपळूणचे, तेव्हा मजकूर समजला नाही असे आपणास म्हणता येणार नाही.

१. मुलांची औषधे मुलांजवळ न ठेवता आरोग्य कक्षातील कपाटात ठेवावीत, असा समितीचा नियम आहे. नियम चांगला आहे. कपाटही चांगले आहे. त्याची फीत कापली गेली, देणगीदारांनी स्टेजवर चावी आपल्या हाती दिली, फोटो निघाला. तेव्हापासून चावी आपल्याकडेच आहे.

२. गेल्या बुधवारी धुळीचा वारा सुटला आणि लाईबाला वर्गात धाप लागली. मुनीरा सिस्टरांनी नियमाप्रमाणे आधी वजन, उंची व नखे तपासली. तिन्ही उत्तम निघाली. श्वासासाठी तपासणीच्या कार्डावर रकाना नाही. मग शिपाई रावजी टॅक्सीने अदलियाला गेला. आपण जेवायला गेला होतात. तो परत येऊन इथल्या अरबीत म्हणाला, साहेब मफी, चावी मफी; म्हणजे दोन्ही नाहीत. कपाटाला काचेचे दार आहे, त्यामुळे पोरीला आपला पंप समोर दिसत होता. काच फोडावी, तर तिच्यावर देणगीदारांचे नाव कोरलेले! सिस्टरांनी अखेर नियम मोडून मला फोन केला. मी घरातला दुसरा पंप घेऊन नईमहून घरच्या चपलांतच धावत सुटले. पोहोचले तेव्हा तिचे ओठ निळे पडले होते. या अल्ला, ते ओठ मी मरेपर्यंत विसरणार नाही. चावी शाळेच्या पुढच्या दिवशी आली.

३. आपले उत्तर मिळाले. यापुढे धाप लागणार असल्यास पालकांनी दोन दिवस आधी लेखी कळवावे, म्हणजे चावी पाठवता येईल, असे आपण सुचवले आहे. त्यानुसार मी लाईबाला तारीख विचारली. ती म्हणाली, "मम्मी, हाऊ विल आय नो?" प्रश्न रास्त वाटल्याने आपल्याकडे पाठवत आहे. समितीत कोणास उत्तर ठाऊक असल्यास कळवावे.

४. मुलीजवळ पंप सापडल्यास शाळेतून नाव काढून टाकू, असेही आपण लिहिले आहे. ते वाचून लाईबाचे अब्बा घाबरले. मीही घाबरत असे, बुधवारपर्यंत.

तरी विनंती की, चावी आपण खुशाल ठेवावी. फोटोत ती आपल्या हाती शोभून दिसते. माझ्या मुलीचा पंप तेवढा तिच्या हाती असू द्यावा.

आपली, अजून तरी नम्र,
सुरैया बासित पारकर
नईम, मनामा
दि. १४ मे १९९६

सोबत :
१) डॉक्टरांचे पत्र.
२) आपल्या उत्तराची प्रत.
३) पंप जोडलेला नाही. तो आज सकाळपासून लाईबाच्या खिशात आहे.