धाकटीचं माप

३ मार्च, मंगळवार

काउगर्ल! माझ्या धाकट्या बहिणीच्या मैत्रिणींचं ठरलंय – लग्नाआधीची पार्टी करायची आणि सगळ्याजणींनी काउगर्ल व्हायचं. हॅट, बूट, झालरी, कमरेला बशीएवढं बक्कल. बाकीच्या निळ्या जीन्समध्ये, नवरी तेवढी पांढऱ्यात. हुकूम तिच्या त्या खास मैत्रिणीचा – मी तिला फर्मानबाईच म्हणते. "ताई, तुम्ही नाटकवाल्यांचे कपडे शिवता. हा तर तुमच्या डाव्या हातचा मळ!" पार्टी चौदाला. मळ म्हणे!

हॅट आणि बूट आमच्या नाटक कंपनीच्या कपाटातून मिळतील. शर्ट, स्कर्ट, झालरीचं जॅकेट मात्र नवं शिवायचं. आज कापड कापलंसुद्धा. माप घ्यायला धाकटीला बोलावलंच नाही. कशाला? शाळेच्या गणवेशापासून तिचं सगळं मीच शिवलंय. कंबर अठ्ठावीस, गळा तेरा. झोपेतून उठवून विचारा!

६ मार्च, शुक्रवार

नाक कापलं गेलं. स्कर्ट घालून धाकटी दोन पावलं चालली आणि स्कर्ट खाली! दोन इंच ढिला. बरं, शर्ट घातला तर गळ्याचं बटण लागेना. कंबर सैल आणि गळा घट्ट – हे काय नवीन? माणूस बारीक होतो तर सगळीकडून होतो.

ती आरशासमोर भलती खूश. "डाएट न करता, बघ!" आई म्हणाली, "लग्नाचं तेज आहे ते." अठरा वर्षं कात्री चालवतेय आणि सख्ख्या बहिणीचं माप चुकलं.

७ मार्च, शनिवार

कापडी टेप वापरून वापरून लांबतो. म्हणून माझा टेप लोखंडी पट्टीला लावून बघितला. टेप बरोबर आहे. म्हणजे मीच बिघडले. कंबर उसवून काल घेतलेल्या मापाने पुन्हा जोडली, कॉलरचं बटण तेवढं सरकवलं.

११ मार्च, बुधवार

 

आज दुसरी ट्रायल. पाच दिवसांत कंबर आणखी अर्धा इंच आत! आणि जेवते किती? माझ्या दुप्पट. कॉलर पुन्हा घट्ट. टेप गळ्याला लावला – साडेतेरा. तिचा गळा तेराचाच आहे, शंभर वेळा मोजलाय मी! खाली, मधोमध, किंचित फुगलाय. नुसतं बघून दिसत नाही. टेपला दिसतं.

मग मी बघतच राहिले. बाहीचं बटण तिला लावता येईना, बोटं लटलट कापत होती. खिडक्या उघड्या, पंखा चालू, तरी पाठीला घाम. मी लावून दिलं तर मनगटातली नाडी माझ्या बोटाला लागली – पळत सुटल्यासारखी. घड्याळ लावून ठोके मोजले. मिनिटाला एकशे बावीस!

म्हटलं, "उद्या डॉक्टरकडे चल." झालं! भडकाच उडाला. "लग्न ठरलेल्या मुलीला धडधडतं, ताई! डिसेंबरात पहिल्यांदा त्याच्यासमोर बसले तेव्हापासून धडधडतंय. म्हणून तर दुसऱ्या भेटीत हो म्हटलं. पण तुला काय कळणार? तुझा संसार मोडला, आता माझ्यात खोट शोध!"

आई दारात उभी. मलाच म्हणाली, "तू कशाला मिठाचा खडा टाकतेस? लग्नाच्या घरात डॉक्टर कसले?"

दोन वर्षं झाली मला परत येऊन. आजवर कुणी तोंडावर बोललं नव्हतं. खूप रडले, मशीनवर डोकं ठेवून.

१२ मार्च, गुरुवार

बोलणं बंद. जॅकेटच्या झालरी लावून झाल्या. दोनशे चाळीस पट्ट्या – शिव्या घालत लावल्या.

१३ मार्च, शुक्रवार

केलं एकदाचं! कपडे सगळे कंपनीत नेले, कपाटात टाकले, कुलूप लावलं. धाकटीला निरोप धाडला – रक्त तपासल्याची पावती दाखव, कपडे घेऊन जा.

अर्ध्या तासात फर्मानबाई हजर. "ताई, हे शोभतं का तुम्हाला? उद्या पार्टी आहे!" म्हटलं, शोभत नाही. किल्ली माझ्या ब्लाउजमध्ये आहे, काढून दाखव. बिचारी लाल होऊन गेली. आईचा फोन आला, "तुला बहीण म्हणायचं का वैरीण?" मी ठेवूनच दिला. रिपोर्टमध्ये काही निघालं नाही तर? जन्मभराची तुटणार आमची.

आणि खरं सांगू का? ती म्हणाली ते खरं असेल तर? मला बघवतच नसेल तर? आज दिवसभर स्वतःला हेच विचारलं. पण एकशे बावीस तर मी माझ्या बोटांनी मोजलेत!

चार वाजता आली. दंडाला कापसाचा बोळा. पावती माझ्या टेबलावर आपटली, कपडे उचलले, गेली.

१४ मार्च, शनिवार

पार्टी. मला बोलावणं नव्हतं. फर्मानबाईनेच फोटो पाठवले. काय दिसते! कॉलरचं बटण उघडं ठेवून वर लाल रुमाल बांध अशी चिठ्ठी जॅकेटच्या खिशात ठेवली होती, तसाच बांधलाय. जॅकेट खांद्यावर काय बसलंय – दृष्ट काढावी.

एका फोटोत सगळ्या नाचतायत आणि ती खुर्चीत बसलीये, छातीवर हात ठेवून.

१६ मार्च, सोमवार

थायरॉइड! रिपोर्ट बघून आमच्या नेहमीच्या डॉक्टरीणबाईंनी स्वतःच फोन केला – आजच या. धाकटीने माझ्या खोलीचं दार वाजवलं. "ताई, येतेस?" एवढंच. मी चपला घालूनच उभी होते.

गळ्यातली ग्रंथी नको तेवढी जोरात चाललीये. बाई एकेक मोजत गेल्या – वजन उतरणं, घाम, हात कापणं, चिडचिड, धडधड. "हे किमान चार महिन्यांपासूनचं आहे. आणखी अंगावर काढलं असतं तर हृदयावर आलं असतं. गोळ्यांनी ताब्यात येईल. ठोक्यांची गोळी वेगळी देते, तिने आठवड्याभरातच फरक पडेल." मग विचारलं, "लक्षात कुणाच्या आलं?"

धाकटीने माझ्याकडे बोट केलं आणि तिथेच हुंदके देऊन रडली. "मी तुला नको ते बोलले गं." बाई म्हणाल्या, ती चिडचिडही यातलीच. मी म्हटलं, मग सगळं माफ, ग्रंथीच्या नावावर टाक! दोघी हसलो. वाटेत हात धरून चाललो, लहानपणी चालायचो तशा.

आईने रात्री ताटं वाढायला घेतली. मला आधी वाढलं.

२० मार्च, शुक्रवार

ठोके शहाण्णव. झोप लागते म्हणाली. पत्रिका छापून आल्या.

२७ मार्च, शुक्रवार

ठोके अठ्ठ्याहत्तर. हात स्थिर – सुईत दोरा ओवून दाखवला पहिल्या फटक्यात. लग्नाला तेवीस दिवस.

होणारे जावई आज येऊन गेले. ते गेल्यावर धाकटी माझ्या मशीनपाशी येऊन बसली. आई आत होती, तिला ऐकू जाऊ नये म्हणून हळू बोलली.

"ताई, तो तासभर समोर बसला होता. छातीत काहीच झालं नाही गं."