पाठीवरचं टिपरू

मास्तर, तुम्ही गेलात तेव्हा मी सव्वीस वर्षांचा होतो, आणि आज माझी नात तिशीला आली आहे. इतक्या वर्षांत तुम्हाला काही लिहावं असं वाटलं नाही. म्हणजे वाटलं, पण धीर झाला नाही. सातवीनंतर शाळा सुटली, लिहायची सवय नाही, चुका होतील, हे एक कारण. दुसरं शेवटी सांगतो. आज बसलो, कारण साडेदहाला नात मला न्यायला येणार आहे आणि त्याच्या आत मला काहीतरी ठरवायचं आहे. सकाळपासून तीनदा गॅस बंद आहे का ते बघून आलो. चहा शेजारून आला होता, गॅस पेटवलाच नव्हता.

नातीचा बँड आहे. आपल्यासारखा हळदीचा, वरातीचा नाही. लोक तिकडे मुद्दाम ऐकायला येतात आणि तासन्‌तास उभे राहतात. ती गिटार वाजवते, गाते आणि गाणीही स्वतःच लिहिते, आपल्याच बोलीत. मिठागरावर एक आहे, मांडव्याच्या जेट्टीवर एक आहे. 'इंडी बँड' म्हणतात त्याला. मी एकदा विचारलं, म्हणजे काय गं बाय? तर म्हणाली, "म्हणजे आबा, डोक्यावर कुठली कंपनी नाही. आपलं आपण वाजवायचं, आपलं आपण बुडायचं." हसत म्हणाली, पण मला तो 'बुडायचं' शब्द दोन दिवस खात राहिला. त्यांची प्रॅक्टिस चालते खाडीकाठच्या बंद पडलेल्या बर्फाच्या कारखान्यात. थंडी बाहेर जाऊ नये म्हणून तिथल्या भिंतींना आतून वीतभर जाड बूच लावलेलं आहे. त्याच्यामुळे आवाजही बाहेर जात नाही. बाहेर जाळं विणत बसलेल्या माणसाला कळत नाही की आत काय दणका चालला आहे. सगळ्यांना ही मोठी सोय वाटते. मला पहिल्या दिवसापासून एकच वाटतं, आवाज बाहेर जात नाही तर तो जातो कुठे? नात उभी राहते ती ड्रमच्या पितळी थाळीला लागून, डावा कान थाळीकडे. नऊ वर्षं तिची जागा तीच आहे.

सुरुवातीला चौघं होती, सगळी अलिबागच्या कॉलेजातली. त्यांनी एकत्र फोटो काढून ड्रमच्या पेटीवर चिकटवला. मग बेस वाजवणारा दुबईला गेला. नवा आला, नवा फोटो आला, तो जुन्यावर चिकटवला. मग ड्रमवाल्याला नव्या मुंबईत नोकरी लागली, पुन्हा फोटो. त्यांची पहिली आठ गाणी त्या कारखान्यातच रेकॉर्ड झाली, लोकांनी मोबाइलवर ऐकली, पुण्याहून बोलावणं आलं, बंगळूरहून आलं, आणि हिने बँकेतली नोकरी सोडली. माणसं जात होती, येत होती, पण जाणारा सगळ्यांना मिठी मारून जायचा. गेल्या तीन वर्षांत मात्र आपणहून कुणीच गेलं नाही. तिने काढलं. पेटी वाजवणारी मुलगी काढली, वरचे सूर पुसट वाजवते म्हणून. दुसरा गिटारवाला काढला, त्याचा सूर उतरतो म्हणून. आता ड्रमच्या पेटीवरच्या फोटोंचा बोटभर जाड थर झाला आहे, आणि प्रत्येकात बदलला नाही असा एकच चेहरा आहे.

सूर उतरतो. मास्तर, हे मी आधी ऐकलं आहे.

तुमची बेंजो पार्टी मला अजून दिसते. हातगाडीवर बॅटरी आणि आवाजाचं मशीन, दांडीला भोंगा, त्याचं तोंड मागे वळवलेलं, नेमकं तुमच्या डाव्या कानाशी. गळ्यात पट्ट्याने अडकवलेला बेंजो घेऊन तुम्ही सगळ्यांच्या पुढे, आमच्याकडे पाठ करून चालताय. तुमच्यामागे हातभर अंतरावर साइड ड्रम घेऊन मी. कुणीतरी मागून ओरडतं, "मास्तर, बदला आता गाणं, म्हातारी नाचायची थांबली." तुम्ही बदलत नाही. पुन्हा ओरडतात. मी कुणाला दिसणार नाही असं ड्रमचं टिपरू पुढे करतो आणि तुमच्या पाठीला टेकवतो, आणि तुम्ही त्याच क्षणी गाणं बदलता. त्या दिवसापासून ते चालू झालं. एकदा टेकवलं की गाणं बदलायचं, दोनदा टेकवलं की थांबायचं. हे आपण कधी ठरवलं नाही. ठरवायला बोलावं लागलं असतं.

एकदा दुपारी तुमच्या घरी जेवायला बसलो होतो. काकी चुलीपुढे सुकट भाजत होत्या. त्यांनी तुम्हाला विचारलं, मीठ कमी पडलं का? तुम्ही म्हणालात, "शुक्रवारी. दुपारनंतर." काकींनी माझ्याकडे बघितलं. म्हणाल्या, "आधी मी एक बोललं की हे धा बोलायचे. आता नुसते हसतात. भांडायची मजाच गेली बघ." मी हसलो, त्याही हसल्या, आणि मग आम्ही दोघंही ताटाकडे बघत राहिलो. जेवण झाल्यावर तुम्ही फळीवरून एक पुरचुंडी काढली. आत टिपऱ्यांची जोडी होती, चिंचेच्या लाकडाची, तुम्ही स्वतः तासलेली. "घे," म्हणालात. "तुजा हात बरोबर जाग्यावर पडतो." मग चुलीकडे एकदा बघून, हळू आवाजात, "पाठीला कळतो."

क्लॅरिनेटवाल्याची गोष्ट त्याच्यानंतरची. पेणचा माणूस, सरळ, कुणाच्या अध्यात ना मध्यात. एका लग्नात सगळ्यांसमोर तुम्ही त्याला म्हणालात, "सूर खाली येतोय तुजा. उद्यापासून येऊ नको." त्याने आमच्याकडे बघितलं. आम्ही सगळे ड्रमच्या दोऱ्या आवळत होतो, त्या आधीच आवळलेल्या होत्या. मी त्याची पेटी धरून स्टँडपर्यंत सोडायला गेलो. गाडी लागली. मग म्हणाला, "तू तर शेजारीच असतोस. खरंच उतरत होता का रे?" त्याचा सूर जागच्या जागी होता, मास्तर. वरचा सूर तुमच्यापर्यंत पोचतच नव्हता. मी म्हणालो, "मला त्यातलं काय कळतं?" मनात म्हटलं, ह्याला खरं सांगितलं आणि ते फिरून तुमच्यापर्यंत आलं तर पुढची पाळी माझी. त्यानंतर खुळखुळेवाला गेला, ट्रम्पेटवाला गेला. नऊ जणांची पार्टी पाचांवर आली. लोक म्हणायचे, मास्तर फार कडक आहेत.

आता नातीकडे जो गिटारवाला आहे तो म्हसळ्याचा, वडील कुवेतला असतात. मला चाचा म्हणतो, आल्याबरोबर आधी माझी खुर्ची पुसून देतो. परवा बाहेर टाकीपाशी मला गाठलं. "चाचा, तुम्ही रोज ऐकता. खरं सांगा, माझा सूर उतरतो का?"

"मी हळदीत वाजवणारा माणूस. मला त्यातलं काय कळतं?"

"हळदीत तर जास्त कळतं. तिथं चुकलं तर पब्लिक चप्पल फेकते." तो हसला. मग गिटारला लावलेलं चिमट्यासारखं मशीन दाखवलं. तार छेडली की त्यावर हिरवा दिवा लागायचा. "हे बघा, बरोबर आहे म्हणतंय. हे पण खोटं बोलतं का?" मी म्हटलं, बाळा, ऊन लागेल, आत चल. तेच तोंड, तेच उत्तर, पन्नास वर्षं मध्ये गेली तरी.

तुम्ही म्हणाल, मग सांग की पोरीला. पण आधी मला माझीच खात्री नव्हती. मी म्हातारा, चुकीचं मीच ऐकत असेन. म्हणून कुणाला न सांगता कान तपासून आलो. डॉक्टर म्हणाले, वयाच्या मानाने बरे आहेत. मग नातीवर नजर ठेवायला लागलो. कुकरची शिट्टी होते, ती शेजारी बसून मोबाइल बघत राहते. बोलताना उजवी बाजू पुढे करते. महिन्यापूर्वी आम्ही पडवीत बसलो होतो, नुकते दिवे लागले होते. आंब्याखाली रातकिडे इतके किरकिरत होते की मला त्यांचा त्रास होत होता. ती म्हणाली, "आबा, ह्या वर्षी रातकिडे कमी झालेत ना?" मी म्हणालो, व्हय बाय, कमीच आहेत.

त्यानंतर मी एक केलं. प्रॅक्टिसला मी तिच्या समोर खुर्चीवर बसतो, हातात काठी. जुनी सवय, ठेका काठीने जमिनीवर पडतो, आणि गाणं वळायच्या जागी काठी वर जाते. ती गाताना माझ्याकडे बघते म्हणून मला किती बरं वाटायचं. एक दिवस मी काठी मांडीवर आडवी ठेवली आणि हात काठीवर दाबून बसलो. कडवं चार मात्रा पुढे गेलं आणि मग तिने तोंड उघडलं. सगळे थांबले. ती त्या म्हसळ्याच्या पोराकडे वळली. "तू आधी आलास." ड्रमवाल्याने मान खाली घालून थाळीचा स्क्रू आवळायला घेतला. तो स्क्रू सैल नव्हता, मास्तर. मला ते चांगलं ओळखता येतं. आणि मी काय करावं? दुसऱ्या दिवशी पुन्हा काठी आपटायला लागलो. तिचा एक सूर चुकला नाही. घरी येताना खूश होती, मला वडापाव घेऊन दिला.

काल जेवताना म्हणाली, "उद्या प्रॅक्टिस झाली की त्याला सांगते, आबा. पुण्याच्या कार्यक्रमाला दुसरा बघते."

"पोरगा चांगला वाजवतो, बाय."

"तुला नाही कळत. वरचे सूर पुसट येतात त्याचे."

मी ताटातल्या भाताकडे बघून म्हणालो, सूर पुसट नाहीत. तुझ्या कानाला काहीतरी होतंय. तिने आमटी वाढून घेतली. मग उजवी बाजू पुढे करून विचारलं, "काय म्हणालास?" मी म्हणालो, आमटी चांगली झाली आहे.

इथपर्यंत लिहिलं आणि ती आली. कागद उशीखाली सारला. म्हणाली, "चल आबा, काठी घे." मी म्हणालो, मला ताप आहे. मनात काही ठरवलं नव्हतं, तोंडातून तेच आलं. तिने कपाळाला हात लावला. "गरम तर नाहीस." मी म्हटलं, आतून आहे. "बरं, पडून राहा. दुपारी बघू." दारापर्यंत गेली आणि चप्पल घालता घालता थांबली. "तू समोर नसलास की मला चुकल्यासारखं होतं रे, आबा." माझ्याकडे न बघता म्हणाली. तिला कळतं. तुम्हाला कळत होतं तसंच.

मी खिडकीशी उभा राहिलो. स्कूटर मिठागराच्या वळणाला लागली. मागून मासळीचा टेम्पो आला. त्याने हॉर्न दिला. पुन्हा दिला. तिसऱ्यांदा दाबून धरला, इथे खिडकीत मला ऐकू आला. ती रस्त्याच्या मधून तशीच जात होती, मान सुद्धा हलली नाही. टेम्पो उजवीकडून, पार कडेच्या मातीत उतरून, पुढे गेला. ह्या वेळी जागा होती.

तुमच्याही मागे ट्रकने तीनदा हॉर्न दिला होता. हे मला पार्टीतल्यांनी संध्याकाळी सांगितलं. हळद उरकून पार्टी परत येत होती, तुम्ही एकटे पुढे चालत होता, बाकीचे बाजूला झाले. त्यांना वाटलं, तुम्हाला ऐकू आलं असणार. ते दिवसाउजेडी झालं, सरळ रस्त्यावर. तुमच्यामागे हातभर अंतरावर त्या दिवशी कुणी नव्हतं. मी सकाळीच शेजाऱ्याकडून निरोप पाठवला होता की अंगात ताप आहे, येत नाही. आणि इस्त्रीचा शर्ट घालून एका कारखान्यात नोकरीच्या मुलाखतीला गेलो होतो. नोकरी लागली. तिच्यावर हे घर झालं, मुलं शिकली, नातीला पहिली गिटार आली. काकींनी तेराव्याला मला विचारलं, ताप उतरला का रे? मी म्हणालो, उतरला.

दुसरं कारण शेवटी सांगतो म्हणालो होतो, ते हे. मला ताप नव्हता, मास्तर.

आजही नाही. हा कागद तुमच्या टिपऱ्यांच्या डब्यात ठेवतो. अकराला पाच कमी आहेत. बर्फाचा कारखाना इथून चालत वीस मिनिटं, काठीशिवाय निघालो तर चाळीस तरी लागतील. प्रॅक्टिस दीड तास चालते, ती संपायच्या आत पोचतो. काठी खाटेखाली भिंतीपर्यंत सरकवली आहे, वाकून सुद्धा माझ्या हाताला लागणार नाही अशी.