एक साक्षीदार कमी

मी, रीस टॉन्किन, वय सव्वीस, धंदा मेंढ्यांची लोकर कातरणे, पक्का पत्ता नाही, हे मृत्युपत्र लिहायचं अकरा दिवस टाळत आलो, हे आधीच कबूल करतो. उद्या सकाळी सातला ऑपरेशन आहे. डोकं ठिकाणावर आहे. जबरदस्ती कुणाची नाही. आमच्या कातरणीच्या शेडमधला म्हातारा क्लॅरी दाराशी बसून "लिही लेका, लिही" म्हणतोय, ती जबरदस्ती धरू नये.

कारण असं. पोटात गाठी आहेत. एकोणीस महिने रोज गोळी घेतली. डोळे सुजायचे, पण गाठी गप्प होत्या. आता दोन जुमानत नाहीत. सर्जन बाई म्हणाल्या, "सगळ्या वाढल्या असत्या तर सुरी लावली नसती. दोनच कळपातून सुटल्यात, त्या काढते. बाकीच्यांना गोळी धरून ठेवेल."

"नाही ठेवलं तर?"

"दुसरी गोळी बघू. आधी टेबलावरून नीट उठ."

ऑपरेशनच्या संमतीवर सही केली. काही वाटलं नाही. खिडकीबाहेर एक माणूस गाडीच्या टपावर गादी बांधत होता, दोरी पुरत नव्हती, ते बघत राहिलो.

कलम १. माझी गाडी जो चालवून दाखवेल त्याची. दुसरा गिअर पडत नाही.

कलम २. लोकर कातरायचं यंत्र क्लॅरीला. (खोडलं. साक्षीदाराला काही देता येत नाही, असं फॉर्मवर छापलंय. क्लॅरी म्हणाला, "नकोच तुझं भंगार. सही करतो.") यंत्र शेडला.

कलम ३. माझी कुत्री बिस्किट ______ कडे.

कलम ४. थोरली बहीण जोलीन हिला काही नाही. बाबा गेले तेव्हा मी उत्तरेला कुठेतरी भटकत होतो, दफनाला पोचलो नाही. ती म्हणाली, "तू माझा कुणी नाहीस." तीन वर्षं झाली. आजाराचं मी तिला कळवलेलं नाही.

कलम ५. साक्षीदार दोन लागतात, नाहीतर हा कागद रद्दी. नर्सना परवानगी नाही. शेजारच्या खाटेवरचे गृहस्थ शुद्धीत नाहीत.

शेडमध्ये बाईमाणूस येताना दिसलं की पहिला बघणारा ओरडतो, "तळ्यात बदकं!" म्हणजे तोंडं सांभाळा. क्लॅरी इथेही प्रत्येक नर्स आली की ओरडतो. दोनदा बोलणी खाल्ली. आत्ता पुन्हा ओरडला, पण आवाज बारीक होता.

जोलीन आली आहे. फोन क्लॅरीनेच केला असणार, तो छताकडे बघतोय.

"रडतोयस?"

"गोळीने सुजलेत."

तिने कागद ओढून चौथं कलम वाचलं. "बरोबर लिहिलंयस. काही मिळत नाही, म्हणजे मी साक्षीदार चालते. पेन दे."

पेन टेकवलं आणि थांबली. "कुत्री कोण बघणार?"

पेन मी परत घेतलं.

कलम ३ भरलं: जोलीन. कलम ४ खोडलं. ती आता साक्षीदार चालत नाही. क्लॅरी दुसरा माणूस शोधायला गेलाय.

सिडनी, १४ जून २०२२, दुपार
रीस टॉन्किन

साक्षीदार:
१. क्लॅरेन्स मल्डून (क्लॅरी; आल्यावर सही करेल)
२.