‘जेवलीस का’ विचारायचं नाही

३ मार्च, सोमवार

‘जेवलीस का’ हे विचारायचं नाही! फोनवरच्या बाईंनी बजावलं. या समुपदेशक बाई आठवड्यातून एकदा माझ्या लेकीला, ठकीला फोन करतात. आज मलाही फोनवर घेतलं— घरातलं माणूस म्हणून.

एकवीस वर्षांची पोरगी. एकदा खात सुटली की डबेच्या डबे रिकामे करते आणि मग बाथरूममध्ये जाऊन सगळं ओकते. अन् औषध काय, तर पुस्तक! ते तिने वाचायचं, त्यात सांगितलंय तसं वेळेवर थोडं थोडं खायचं, काय खाल्लं नि नंतर काय झालं ते लिहून ठेवायचं. अडलं तर बाई आहेत. मी म्हटलं, “गोळीबिळी काही नाही?” म्हणाल्या, “आधी हे करून पाहू या. बऱ्याच जणींना उपयोग होतो.”

मी ताटाकडे बघायचं नाही, वजनाचं नाव काढायचं नाही. जेवताना नुसतं सोबत बसायचं. वा!

५ मार्च

बसलो. ठकी पाव कुरतडत होती, मी भिंत बघत होतो. काहीतरी बोलावं म्हणून तोंड उघडलं, पण तोंडात येईल ते सगळं मनाई केलेलं! जेवलीस का, डबा घेतलास का, अजून वाढू का. तिची आई गेल्यापासून याच तीन वाक्यांवर तर आमचं घर चाललंय.

शेवटी म्हणालो, “आज सातव्या मजल्यावर लिफ्ट अडकली होती. आत एक आजी, नि सोबत तिचा कुत्रा.”

“बरं.”

संपलं संभाषण.

९ मार्च, रविवार

ताई आली. माझी थोरली बहीण, ठकीची आत्या. चप्पल काढायच्या आधीच सुरू— “अगं बाई, छान भरलीस गं! तब्येत सुधारली हो!” कौतुकानेच म्हणाली, तिला काय माहीत. सांगितलंय कुठे कुणाला.

ठकीचा चेहरा पांढराफटक. ताईने आणलेला केक तिच्या पुढ्यातच होता— बघता बघता अर्धा संपवला. मग उठली. कडी वाजली. नळ सुटला, धो धो.

मी दाराबाहेर. लिफ्टमध्ये माणसं अडकली की दार उघडायला मलाच बोलावतात, आणि स्वतःच्या घरात हात वर करून नुसता खांबासारखा उभा! ठोठावायचं की नाही? पुस्तकात काय लिहिलंय देव जाणे.

राग निघाला ताईवर. “तुझ्या जिभेला काही हाड?”

“मी काय वाईट बोलले? पोरीला डोक्यावर बसवून ठेवलंयस तू!”

चहा न घेता गेली.

१० मार्च

आज ठकी माझ्यावरच उखडली. “आत्याशी भांडायला तुम्हाला सांगितलं होतं कुणी? आता अख्ख्या खानदानात माझीच चर्चा!”

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. कंटाळलो.

१४ मार्च, शुक्रवार

बाईंना आपणहून फोन लावला. म्हटलं, ते पुस्तक मला द्या, मी पाठ करतो, रोज धडा घेतो तिचा! बाई हसल्या नाहीत.

“पुस्तक तिचं आहे. तिच्या वतीने तुम्हाला नाही करता येणार.”

“मग माझा उपयोग काय?”

“एकटी नाही, एवढं तिला कळलं तरी पुष्कळ.”

आणि रविवारचं? तर एक दिवस बिघडला म्हणून सगळं वाया जात नाही, पुढचं जेवण वेळेवर जेवायचं. सांगायला काय जातं! माझ्या जागी उभं राहून ऐका म्हणावं तो नळ.

१८ मार्च

नळ नाही. कुणाला बोललो नाही. दृष्ट लागायला नको.

२१ मार्च, शुक्रवार

आजही नाही! वेळेवर जेवते, ताट विसळते. आज तर आपणहून बोलली. ती चष्म्याच्या दुकानात कामाला आहे. तिथे एक गिऱ्हाईक कपाळावर चष्मा ठेवून चष्मा हरवला म्हणून ओरडत होतं. मी म्हटलं, काखेत कळसा अन् गावाला वळसा! दोघं हसलो. कितीतरी दिवसांनी.

ताईलाही फोन केला. चुकलं म्हणालो. बाकी काही सांगितलं नाही. गरजच काय आता? फोनवरच्या बाईंना मनातल्या मनात हात जोडले.

२७ मार्च, गुरुवार

ठकीने स्वयंपाकघरात गाठलं. “बाबा, नळ तुम्हाला ऐकू येतो ना. म्हणून मी हल्ली दुकानातच—”

मग म्हणाली, लिहिते तेही खोटं लिहिते.

डोकं सणकलं. म्हणजे मी हात जोडत होतो ते कशाला! कप आपटणारच होतो. हळूच खाली ठेवला.

“पुस्तकाने भागत नाहीये, बाबा. उद्या बाईंना आपणहून फोन करून खरं सांगणार आहे. मला डॉक्टरकडे पाठवा म्हणणार आहे.”

साहेबांना फोन लावला, उद्या येत नाही म्हणून. त्यांनी कारण विचारलं. ठकी समोरच उभी होती.

म्हणालो, मुलगी आजारी आहे.