कोटाचं बटण

ता. ५ जुलै

चि. घुम्यास अनेक आशीर्वाद.

पत्राला उशीर झाला, रागावू नकोस. कसा आहेस? मजेत असशीलच, तुला काय धाड भरणार.

एकोणीस वर्षं इंग्रजी शिकवल्यावर आता मी इंग्रजी कसं शिकवायचं ते शिकतेय. शाळेचा नवा नियम, इंग्रजी अध्यापनाची एम.ए. नसेल त्याला वरचे वर्ग नाहीत. दोन वर्षं रविवार घालवले, लेखी पेपर सुटले, आणि घोडं अडलं प्रात्यक्षिकाच्या पाठांवर. आमच्या मार्गदर्शक मॅडम माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान. मागच्या बाकावर घड्याळ घेऊन बसतात. म्हणे चाळीस मिनिटांच्या तासात छत्तीस मिनिटं मीच बोलले. उरलेली चार मुलांची, त्यातली दोन पाणी प्यायला जाऊ का, यात गेली. प्रश्नही मीच विचारते आणि उत्तरही मीच देते, मध्ये एक सेकंदसुद्धा जात नाही, असा त्यांचा शेरा. प्रश्न विचारून दहापर्यंत मोजा म्हणाल्या. मी मोजले. मोठ्याने मोजले हे खरं, पण मोजले.

तीन संधी असतात, दोन गेल्या. बारा ऑगस्टला बाहेरचे परीक्षक येतील. तेव्हा फसले तर वर्ग जाणार आणि मी कार्यालयात बसून दाखले लिहिणार. मुलांशिवाय मी करू काय, सांग बरं. नाहीतर राहू दे, तुला काय कळतंय त्यातलं.

लोभ आहे तो आटू देऊ नकोस.

तुझी ताई

ता. १४ जुलै

ती. ताईस शि. सा. न.

पत्र मिळाल्यावर फोन केला होता. पाऊण तासात मी तीनदा हं म्हणालो, मग तू ठेवलास. म्हणून लिहितो. तुझ्या मॅडमना माझा नमस्कार सांग. आपल्या घरात घड्याळ घेऊन कुणीतरी आधीच बसायला हवं होतं.

मी शिंपी माणूस, दिवसभर तोंडात टाचण्या. माप घेताना गिऱ्हाईक घरचं सगळं सांगतं आणि मला उत्तर देता येत नाही, तर गावभर ख्याती की शिंपी फार समजूतदार आहे. सोबत कोटाचं मोठं बटण पाठवतोय, गिळता येणार नाही असं. प्रश्न विचारलास की ओठांत धर आणि कुणी बोलेपर्यंत काढू नकोस.

परीक्षेसाठी जाकीट शिवलंय, तेही पाठवतोय. बाकी ठीक. सुईत दोरा हल्ली हीच ओवून देते, तेवढंच आमचं बोलणं होतं.

माया आहे तशी राहू दे.

तुझा घुम्या

ता. २६ जुलै

चि. घुम्यास अ. आ.

कसा आहेस? बराच असशील, विनोद सुचतायत म्हणजे.

तुझं पत्र पाच पानांचं आणि मजकूर हाताच्या पंजाएवढा. बालवाडीतली पोरं याहून बारीक लिहितात. ओळीही घसरगुंडीवरून निघाल्यासारख्या. आणि जाकिटाची एक बाही दोन बोटं लांब आहे. लक्ष कुठे असतं रे तुझं? गिऱ्हाइकांच्या गप्पांत, दुसरं काय.

बटणाचा सराव घरी केला. जेवण झाल्यावर यांना विचारलं, ऑफिसात काय चाललंय, आणि बटण धरलं. यांना आधी वाटलं मी रुसले. मग बोलायला लागले ते अर्धा तास. गेल्या वर्षापासून हे दुसऱ्या विभागात आहेत, हे मला त्या दिवशी कळलं.

बारा तारखेचं मनात आलं की मध्यरात्री उठून पाठ घोकत बसते. आठवण असू दे.

तुझी ताई

ता. २ ऑगस्ट

ती. ताईस शि. सा. न.

बाहीचं चुकलं. हिला सांगून ठेवलंय, जाकीट पाठव, ती नीट करून देईल. पाठ चांगला होईल. बटण विसरू नकोस.

तुझा घुम्या

ता. १९ ऑगस्ट

चि. घुम्यास अ. आ.

पास झाले. तेही पहिल्या वर्गात.

धड्यातला मुलगा रस्ता चुकतो. त्याच्या जागी तुम्ही असतात तर काय केलं असतं, असं इंग्रजीत विचारलं आणि विचारात पडल्यासारखा हात तोंडाशी नेऊन बटण धरलं. वर्ग चिडीचूप. उत्तर जिभेवर येऊन नाचत होतं. किती वेळ गेला देव जाणे, मग मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. दोन वर्षांत तिने माझ्या तासाला तोंड उघडलेलं नव्हतं. मोडक्यातोडक्या इंग्रजीत पाच-सहा वाक्यं बोलली. मी हिला मठ्ठ समजत होते, घुम्या. बोलायला जागाच कधी दिली नाही. मला फार लाज वाटली.

परीक्षकांनी लिहिलं, ऐकून घेण्याची दुर्मीळ हातोटी. आता आमच्या एम.ए.च्या विभागाने मला नव्या विद्यार्थ्यांपुढे वर्गातल्या मौनावर तासभर बोलायला सांगितलंय. मी लिहून काढलंय, ते दीड तासाचं होतंय.

काल जाकीट तुझ्याकडे पाठवायला घडी घालत होते आणि हात थांबला. तू बाही कधी चुकत नाहीस. तुझी पत्रं पुन्हा काढली. मी दर वेळी कसा आहेस विचारते आणि त्याच ओळीत मजेत असशील म्हणून मोकळी होते. मॅडमच्या घड्याळात हा एक सेकंदही भरणार नाही.

घुम्या, कसा आहेस?

बटण ओठांत आहे. सोबत कोरी पानं जोडली आहेत.

ताई

ता. २७ ऑगस्ट

ती. ताईस शि. सा. न.

डोळे चाललेत. वर्ष झालं. सुई दिसत नाही, टेपवरचे आकडे दिसत नाहीत, हे पत्रही अंदाजानेच लिहितोय. तुझी पत्रं ही वाचून दाखवते. नवी कामं घेणं बंद केलंय. ताईंना कळवा म्हणून ही मागे लागली होती, मी म्हणायचो विचारलं की सांगेन. तू विचारायचीस, पण मध्ये शिरायला फट नसायची. रागाने लिहीत नाही. मलाही टाचण्यांची सवय झालीय.

नऊ सप्टेंबरला ऑपरेशन आहे. दिसेल म्हणाले, किती ते सांगत नाहीत. मला भीती वाटते, ताई. हे हिलाही बोललो नाही.

नंतर आठ दिवस दोन्ही डोळ्यांवर पट्टी. तेव्हा तू ये आणि बटण घरी ठेवून ये. अंधारात नुसतं पडून राहायचं तर मला तुझी बडबडच लागेल. ते दीड तासाचं मौनही आण. सगळं ऐकेन.

तुझा घुम्या